सोनेरी रेघ आणि कॉर्कची चकती

२ जून, शुक्रवार

रंगवाल्याने जानेवारीत फुकट दिलेली ही डायरी आजपर्यंत कोरीच होती. मोटारसायकलच्या कारखान्यात असताना मी कामाची वही ठेवायचो. कोणत्या टाकीला रंगाचे किती हात दिले, हवा दमट होती की कोरडी, सगळं त्यात असायचं. कारखाना बंद पडला आणि वहीची सवयही गेली. आज पुन्हा लिहायला बसलो, कारण इंदुमती टीचर टाकी ठेवून गेल्या आहेत. हे काम नोंद ठेवण्यासारखं आहे.

टीचर म्हणजे सोमशेखरची बायको. सोमशेखर इंजिनखात्यात होता, मी रंगखात्यात. गेल्या दसऱ्याच्या आठ दिवस आधी तो गेला. त्याची मोटारसायकल आता टीचर स्वतः चालवतात, वय सहासष्ट. जुलैच्या दुसऱ्या रविवारी म्हैसूरच्या सगळ्या जुन्या गाड्या एकत्र निघतात. सोमशेखरने एकही वर्ष चुकवलं नव्हतं, म्हणून या वर्षी त्या जाणार.

टाकी त्यांनी साडीच्या जुन्या तुकड्यात गुंडाळून आणली होती. मरून रंग विटलाय, दोन ठिकाणी गंज आहे. पण डावीकडची सोनेरी रेघ अजून तशीच. ती मीच १९८१ साली ओढली होती. मी श्वास रोखून रेघ ओढत होतो आणि सोमशेखर मागून येऊन कानाशी म्हणाला, "पुट्टय्या, मुलगी बघून आलो. पसंत आहे." माझा हात तांदळाच्या दाण्याएवढा हलला. तपासणीत टाकी बाद झाली. बाद माल म्हणून सोमशेखरने ती स्वस्तात घेतली आणि पुढे गाडी घेतली तेव्हा तिच्यावर चढवली. बघून आलेली मुलगी म्हणजे याच टीचर.

"सगळं नवं करा मेस्त्री," त्या म्हणाल्या. "फक्त ती वाकडी जागा तेवढी हलवू नका. हे मला दर वर्षी ती दाखवायचे."

मी म्हटलं, टीचर, तिच्या केसालाही धक्का लागणार नाही.

९ जून, शुक्रवार

रेघेवर पट्टी चिकटवून बाकी सगळं पत्र्यापर्यंत घासलं. प्रायमर दोन हात, मरून तीन हात. हात अजून पहिल्यासारखा चालतो, देवाची कृपा.

शेजारच्या सिद्दम्माच्या पडवीत दिवसभर उदबत्त्या वळतात. आज म्हणाली, "मेस्त्री, चंदनाचा नवा माल आलाय, सगळी गल्ली घमघमतेय." मला काही घमघमल्यासारखं वाटलं नाही. हल्ली हे लोक भुशात नुसता रंग कालवतात. तोंडावर बोललो नाही, शेजार आहे.

बायकोला, गौराला, मल्लिगेचा म्हणजे मोगऱ्याचा गजरा आणायचं मी उगादीच्या पाडव्यापासून बंद केलंय. फुलांना पूर्वीचा वास राहिलेला नाही. फूलवाल्याला तसं सांगितलंही, तर तो माझ्याकडे बघतच राहिला. चोरी पकडली की माणूस असाच बघतो. गौरा मंदिरात जाताना देवासमोरचं एखादं फूल उचलून खोवते.

१३ जून, मंगळवार

रंगावर पारदर्शक लॅकरचे चार हात झाले. कारखान्यात आम्ही दोनच द्यायचो. पण आताच्या पेट्रोलमध्ये उसाचा अर्क मिसळतात म्हणे, तो रंग खातो. म्हणून मी दोन जास्त दिले आणि लॅकर टाकीच्या तोंडाच्या काठावरूनही घेतलं, म्हणजे काठ आतून बाहेरून झाकलेला राहील. पूर्वी त्या काठाला आम्ही ओठ म्हणायचो.

टोपणाचं पॅकिंग अमीरजानकडून आणलं. मंडी मोहल्ल्यात त्याचं दुकान आहे; पूर्वी कारखान्यालाही चकत्या तोच पुरवायचा. कॉर्कच्या पत्र्यातून तो हाताने चकत्या कापतो, गोल इतका नेमका की कंपासाने मान खाली घालावी. कारखाना बंद झाला तेव्हा मी महिनाभर घराबाहेर पडलो नव्हतो. त्यानेच येऊन मला उठवलं आणि दुकानाच्या मागची जागा दिली. "बस इथे, टाक्या मी आणतो," म्हणाला. सात वर्षं मी तिथे रंगवलं. त्याने एक पैसा भाडं घेतलं नाही.

रात्री टाकीत पेट्रोल भरलं, टोपणाच्या हवेच्या भोकात साबण दाबला, टोपणाभोवती धुतलेलं पांढरं कापड बांधलं आणि टाकी उलटी करून लाकडी घोडीवर ठेवली. ही आमच्या रंगखात्याची पद्धत. बारीक झिरपणं डोळ्यांना दिसत नाही. पेट्रोल उडून जातं, कापड सकाळी कोरडं लागतं. पण वास कापडात राहतो. म्हणून सकाळी कापड नाकाला लावायचं. आमचे फोरमन सगळ्या खात्यात फक्त माझ्या नाकावर विश्वास ठेवायचे. "पुट्टय्याने हुंगलं ना, मग पाठवा," असं म्हणायचे.

१४ जून, बुधवार

कापड कोरडं. वास अजिबात नाही. टाकी टीचरांना पोचवली. वाकडी जागा बघून त्यांनी तिच्यावर अंगठा फिरवला आणि आत जाऊन बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी कॉफी न पिताच निघालो.

१९ जून, सोमवार

टाकी परत आली.

टोपणाच्या उजव्या बाजूला रंगाला फोड आले आहेत, पापड भाजताना येतात तसे. पेट्रोल टोपणाखालून झिरपून रंगाच्या आत शिरलंय. टीचर रागावल्या नाहीत. त्याचंच जास्त लागलं.

"गाडीवर बसलं की पेट्रोलचा वास येत होता मेस्त्री. मला वाटलं, जुनी गाडी आहे."

मी वास घेतला होता. स्वतः घेतला होता. पेट्रोलमध्येच काहीतरी खोट असणार. उजवी बाजू पुन्हा घासायला घेतली.

२१ जून, बुधवार

अमीरजानला सांगितलं. त्याने चकती हातात घेऊन दाबून पाहिली, नखाने खरवडली. "हिला काही झालेलं नाही," म्हणाला. तरी नवी, जरा जाड कापून दिली.

दुपारी गौरा विहिरीवर कपडे धूत होती आणि मी स्वयंपाकघरात बसून ब्रश साफ करत होतो. ती धावत आली. गॅसवरची डाळ जळून कोळसा झाली होती.

"अहो, शेजारीच तर बसला होतात."

"कामात होतो," मी म्हटलं. तिने भांडं घासायला घेतलं. मग न बघता विचारलं, "बरं वाटतंय ना तुम्हाला?" बायकांना जळलेल्या डाळीतही आजार दिसतो.

२३ जून, शुक्रवार

काल रात्री पुन्हा कापड बांधलं, टाकी उलटी ठेवली. सकाळी हुंगलं. शुद्ध. दोनदा हुंगलं. टाकी दिली.

२६ जून, सोमवार

आज जे झालं ते लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

टीचर सकाळी सातलाच आल्या. या वेळी पेट्रोल डावीकडे उतरलंय. चार बोटं रेघ उचलली गेली आहे, सोनेरी रंग सुरकुतला. वाकडी जागा त्याच्यापुढे दीड इंचावर आहे. अजून शाबूत. आणखी एकदा झिरपलं की गेली. ती मला पुन्हा काढता येणार नाही. सरळ रेघ मी हजार काढीन, पण ती चूक मुद्दाम कशी करणार?

टीचर एवढंच म्हणाल्या, "मेस्त्री, राहू द्या. असं करू, मी दुसरी टाकी लावून जाते. ही घरी ठेवते."

मी म्हटलं, गाड्या निघायच्या रविवारच्या आत देतो. आणि टाकी काखेत मारून तडक अमीरजानकडे गेलो.

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मी चकती त्याच्या फळीवर आपटली. म्हटलं, "कॉर्क विकतोस की भुस्सा? आधी सांगायचं, मेलेल्या माणसाची टाकी तरी सोडायची."

त्याने हातातली पट्टी खाली ठेवली. चकती उचलली, पुन्हा तशीच दाबून पाहिली.

"वास तू घेतला होतास ना, मेस्त्री?"

"घेतला होता. दोन्ही वेळा. काही नव्हता."

"दोन्ही वेळा नव्हता?"

"नव्हता म्हणतो ना."

त्याने माझ्या काखेतल्या टाकीकडे पाहिलं. मग चकती डब्यात टाकली आणि म्हणाला, "जा. घरी जा." माझ्याकडे पाठ करून कॉर्क कापायला बसला. खोटा माणूस आणखी काय करणार.

मी हे लिहिलं खरं, पण हा शब्द त्याला शोभत नाही, हे मलाही कळतं. तरी कोणीतरी चुकतंय आणि मी हुंगलं होतं.

२८ जून, बुधवार

गौराला अमीरजानच्या दुकानातलं कुणीतरी सांगितलं. आज ताट वाढताना म्हणाली, "तुम्ही महिनाभर अंथरुणात होतात तेव्हा तो रोज यायचा. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडायचात. तो ओसरीवर बसून परत जायचा. तुम्हाला माहीत तरी आहे का?"

माहीत नव्हतं. जेवण गेलं नाही. तसंही सांबाराला हल्ली चव नसते. मसाला बदलायला सांगितला तर गौरा म्हणते, तोच आहे.

१ जुलै, शनिवार

बाजारातून रबराचं तयार पॅकिंग आणलं. आता अमीरजानच्या कॉर्कचा संबंधच नको. रेघेचं उचललेलं टोक कापून काढलं, उरलेल्या रेघेला जोडून चार बोटं नवी ओढली. लॅकर आणखी एक हात, काठावरूनही. पाच झाले. आता कुठून झिरपतं बघू.

झड लागली आहे. लॅकरवर धूळ आणि ओल बसू नये म्हणून पुढच्या खोलीची खिडकी आणि दार बंद ठेवून काम करतो. गौरा बहिणीकडे नंजनगूडला गेली आहे. मंगळवारी सकाळच्या बसने येईल. रागावून गेली की सहज, ते सांगून गेली नाही.

४ जुलै, मंगळवार

काल रात्री टाकी पूर्ण भरली, कापड बांधलं, उलटी ठेवली. खोली बंद. सकाळी उठलो, कापड सोडलं, नाकाला लावलं. काही नाही. तिसऱ्यांदा हुंगलं, काही नाही. मन हलकं झालं. म्हटलं, बघ अमीरजान. आंघोळ केली आणि त्याच खोलीतल्या देवासमोर समई लावायला बसलो. काडेपेटी हातात घेतली, काडी बाहेर काढली.

दार उघडलं. गौरा उंबऱ्यावर होती, हातात पिशवी. तिने पदर नाकाला लावला.

"काडी ओढू नका," ती म्हणाली. आवाज अगदी हळू. "अहो. काडी खाली ठेवा."

मला वाटलं, भांडण अजून बाकी आहे. "देवाला दिवासुद्धा लावायचा नाही?"

तिने पिशवी तिथेच सोडली, चार पावलांत आली आणि माझ्या हातातून काडेपेटी काढून घेतली. खिडकी उघडली. मग माझ्यासमोर जमिनीवर बसली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

"खोलीत उभं राहवत नाही एवढा पेट्रोलचा वास आहे. तुम्हाला येत नाही?"

"नाही."

"खरंच नाही?"

मी कापड पुन्हा नाकाला लावलं. छाती भरून श्वास घेतला. धुतलेलं कापड, एवढंच. गौराने ते लांबूनच हातात धरलं आणि खोकली.

मग तिने स्वयंपाकघरातून डबे आणले. माझे डोळे मिटायला लावले. कॉफीची पूड, नाही. कापूर, नाकात जरा गार लागलं, वास नाही. हिंग, नाही. शेवटी काहीतरी मऊ, ओलसर नाकाला लागलं. मी म्हटलं, हे काय, पाणी? डोळे उघडले तर तिच्या हातात मल्लिगेचा गजरा होता. बहिणीने दिलेला. ती रडत होती.

एकोणपन्नास वर्षं थिनरमध्ये गेली. नाक एका दिवसात गेलं नसणार. थोडं थोडं गेलं आणि मी दर वेळी दुसऱ्या कुणाला तरी चोर ठरवत राहिलो. फूलवाला, सिद्दम्मा, मसालेवाला. आणि अमीरजान. सिलिंडर गळला असता तरी मी असाच बसलो असतो. पण मला आता त्याची नाही, अमीरजानच्या त्या प्रश्नाची भीती वाटते. वास तू घेतला होतास ना, मेस्त्री? त्याला तेव्हाच कळलं होतं.

५ जुलै, बुधवार

टाकी घेऊन गेलो. दुकान नुकतंच उघडलं होतं. मी फळीसमोर उभा राहिलो आणि पाठ केलेलं सगळं विसरलो.

"मला वास येत नाही," एवढंच बोललो.

"कधीपासून?"

"माहीत नाही. काल कळलं."

"मला सव्वीस तारखेला कळलं," तो म्हणाला. "टाकी तुझ्या काखेत होती. आतल्या मशिनीवरच्या पोराने विचारलं, पेट्रोल सांडलं का. आणि तू सांगत होतास, वास नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलू दिलंस?"

त्याने टोपण काढलं. रबर बाजूला ठेवलं. तोंडाच्या काठावरून नख फिरवलं आणि थांबला. नखाखाली लॅकरची साय निघाली, बोटाला चिकटणारी.

"हे काय?"

"लॅकर."

"किती हात?"

"पाच."

"काठावर?"

मी मान हलवली.

"कारखान्यात ओठाला पट्टी कोण लावायचं? नव्या पोरांच्या डोक्यात टपल्या कोण मारायचं, ओठावर रंग नको, ओठावर रंग नको म्हणून?"

मीच मारायचो. चकती पत्र्यावर बसायला हवी. मी तिला रंगावर बसवली. रंग पेट्रोलने मऊ झाला आणि तिच्याखालून वाट झाली. कॉर्क असो की रबर. मी जितके हात वाढवले तितकी वाट रुंद झाली. रंग राखायला म्हणून मीच रंग घालवला.

अमीरजानने पातं घेतलं आणि काठ पत्र्यापर्यंत खरवडायला बसला. मी म्हटलं, दे, मी करतो. म्हणाला, "तुझा हात चांगला आहे, पण काठ मला करू दे." मग न बघता म्हणाला, "त्या दिवशी चार जण होते दुकानात."

"हो."

"शनिवारी असतात तेवढे. ये आणि सांग, चूक माझी होती म्हणून. काठाचं सांग. नाकाचं सांगू नकोस, धंदा बसेल तुझा."

८ जुलै, शनिवार

गेलो. पाच जण होते. त्यातला एक पुढच्या आठवड्यात मला दोन टाक्या देणार होता. मी काठाचं सांगितलं. चकती चांगली होती हे सांगितलं. तिथे थांबायचं होतं. अमीरजान डोळ्यांनी थांब म्हणत होता. पण काठाने झिरपलं हे मला दोनदा का कळलं नाही, असं उद्या कुणीही विचारलं असतं, आणि उत्तर पुन्हा त्याच्या चकतीवर गेलं असतं. म्हणून नाकाचंही सांगितलं.

दोन टाक्यांवाला म्हणाला, "बघतो मेस्त्री, कळवतो." कळवणार नाही. मला वाईट वाटलं, खूप वाटलं. घरी येताना रस्ताभर नाक धरून चालल्यासारखा चाललो.

येताना हातभर मल्लिगेचा गजरा घेतला. मला तो पांढरा दोराच वाटला. गौराने माळला आणि दिवसभर काढला नाही.

टीचरांना कालच सगळं सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वाकडी जागा आहे ना?" आहे म्हटलं. "मग चार बोटं गेली तर गेली. ह्यांचाही रंग शेवटी राहिला नव्हता."

९ जुलै, रविवार

टोपणात अमीरजानची कॉर्कची चकती परत बसवून रात्री कापड बांधलं, या वेळी गोठ्याच्या मोकळ्या जागेत, घरापासून लांब. सकाळी सहाला अमीरजान आला. आंघोळ करून, पण अत्तर न लावता. चाळीस वर्षांत मी त्याला अत्तराशिवाय बाहेर पडलेला पाहिला नव्हता. म्हणजे अत्तराचा कापसाचा बोळा नेहमी त्याच्या कानामागे दिसायचा, तो आज नव्हता, त्यावरून कळलं.

टीचर दुसरी टाकी लावून गाडी घेऊन दारात आल्या होत्या. हेल्मेट हातात. बाहेरच्या रस्त्यावरून इतर गाड्या फट्फट करत जाऊ लागल्या होत्या.

मी कापड सोडलं. सवयीने नाकाकडे नेलं आणि थांबलो. त्याच्या हातात दिलं.

त्याने हुंगलं. उलटं करून हुंगलं. डोळे मिटले.

"काय?" मी विचारलं.

"थांब, मेस्त्री. इतकी वर्षं तू हुंगायचास आणि मी उभा राहायचो. आता तू उभा राहा."

मी उभा राहिलो. टीचर उभ्या राहिल्या. गौरा दारात भांडं घेऊन तशीच. त्याने तिसऱ्यांदा हुंगलं, मग टोपणाच्या कडेला नाक टेकवलं.

"कोरडं आहे," तो म्हणाला. "जाऊ दे गाडी."

नक्की का, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. दुसरी उतरवून ही टाकी मीच चढवली, नट आवळले. टीचरांनी वाकड्या जागेवर अंगठा फिरवला आणि किक मारली. गाडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत आम्ही दोघं बघत होतो. मग अमीरजानने खिशातून कापसाचा बोळा काढून कानामागे खोचला, आणि आम्ही कॉफी प्यायला आत गेलो.